धक्क्यावरचा उतार कोण मोजणार?

मुंबईच्या जलवाहतुकीवर गेली दोन-तीन वर्षं भरपूर बोललं जातंय. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, डझनाहून अधिक माणसं गेली, आणि तेव्हापासून ‘सुरक्षा’ हा शब्द या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत पहिल्या ओळीत येतो. गेटवेजवळच्या नव्या प्रवासी जेट्टीचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, २०२५ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. त्या वादात वाहतुकीची कोंडी, वारसा वास्तू, समुद्राचं दर्शन यांवर रकानेच्या रकाने भरले. पण धक्क्यावरून बोटीत पाय न उचलता कसं जायचं, हा प्रश्न कोपऱ्यातच राहिला. तो निघतो तेव्हाही वाद ठरलेल्या दोन वाटांनी जातो. चालता येत नाही म्हणून बॅटरीवरच्या छोट्या स्कूटरवरून (मोबिलिटी स्कूटर) किंवा तीनचाकीवरून फिरणारा माणूस बोटीपाशी आला की एक बाजू म्हणते, हा समुद्र आहे, यांना वर घेणं म्हणजे त्यांच्याच जिवाशी खेळ. दुसरी म्हणते, हा हक्क आहे, कुठल्याही कारणानं अडवता येणार नाही. पहिल्या बाजूला धोका माणसाच्या पायांत दिसतो. दुसरी बाजू त्या अपमानानं इतकी दुखावलेली असते की धोक्याविषयी बोलायलाच तयार नसते. परिणाम एकच होतो: धक्का होता तसाच राहतो.

माझं म्हणणं साधं आहे. हा धोका मोजता येतो. उताराचा कोन, धक्का आणि बोट यांच्यातली फट, गाडीचं वजन, तिचा ब्रेक आणि डेकवर ती अडकवायची कडी, या गोष्टी ठीक असतील तर स्कूटरवर बसून, स्वतःच्या हातानं चालवत बोटीत जाणं हे आजच्या पद्धतीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. त्या ठीक नसतील तर त्या फेरीपुरतं ‘नाही’ म्हणावं, पण ते कशामुळे, हे लिहून द्यावं.

आजची पद्धत कोणती? गेटवेच्या दगडी पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. खालच्या पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या. बोटी एकमेकींना चिकटून लागलेल्या, त्यामुळे आपल्या बोटीत जायला आधी दुसरीची कड ओलांडायची. खलाशी कोपर पुढे करतो, लाट वर आली की ‘आता, आता’ म्हणतो आणि माणूस पाय टाकतो. धडधाकट माणसालाही तिथे क्षणभर धस्स होतं. चालता न येणाऱ्या माणसाला मात्र चौघं मिळून खुर्चीसकट उचलतात. उचलणाऱ्यांच्या मनात खोट नसते; अनेकदा ते पैसेही घेत नाहीत. पण त्या क्षणी काय चाललेलं असतं? चार जणांची उंची वेगळी, पावलं वेगळी, पायाखाली निसरडं, समोरची बोट खालीवर होणारी, आणि मधे लटकलेला माणूस ज्याच्या हातात काहीच नाही. एकाचा पाय घसरला तर चौघंही सावरू शकत नाहीत. ही पद्धत आपल्याला सवयीची झाली म्हणून ती सुरक्षित वाटते. बोटीवर स्कूटर नको म्हणणारे तिच्या जागी काय सुचवतात, तर हे.

आता विरोधी मुद्द्यांकडे येतो. त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत, आणि हक्काची बाजू घेणाऱ्यांनी ते झटकून टाकणं मला पटत नाही.

पहिला मुद्दा वजनाचा. ब्रिटनमध्ये अशा स्कूटरचे कायद्यानं वर्ग पाडलेले आहेत. फुटपाथवर चालणाऱ्या छोट्या वर्गाची रिकामी मर्यादा ११३.४ किलो आहे, रस्त्यावरही नेता येणाऱ्या मोठ्या वर्गाची १५० किलो. त्यात बसणारा माणूस धरा. एवढं धूड उतारावर सुटलं तर ज्याच्या अंगावर जाईल त्याचा पाय मोडेल. दुसरा मुद्दा तोलाचा. स्कूटरची बैठक उंच असते, तीनचाकी असेल तर पुढचं एकच चाक, त्यामुळे उतारावर तिरकं वळलं की ती कलंडते. तिसरा मुद्दा सुटकेचा. बोट बुडायला लागली तर बाकीचे उडी मारतील, हा माणूस काय करील? आणि चौथा, माझ्या मते सगळ्यांत अवघड, भरती-ओहोटीचा. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात साडेचार मीटरच्या घरात फरक पडतो. आपल्याकडची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रॅम्पचा चढ एकास बारा असावा, म्हणजे एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी. साडेचार मीटरसाठी ५४ मीटर लांब पूल लागेल. कोचीच्या जलमेट्रोचं उदाहरण लोक उठसूट देतात. एप्रिल २०२३ मध्ये ती सुरू झाली, तिथले तरंगते धक्के बोटीच्या डेकशी समपातळीत राहतात, चाकाची खुर्ची सरळ आत जाते, हे सगळं खरं. पण कोचीत भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. तो आराखडा जसाच्या तसा उचलून मुंबईत ठेवता येणार नाही.

मग काय, विषय संपला? ५४ मीटरचा आकडा ऐकून बैठका इथेच थांबतात. पण तो आकडा उधाणाच्या दिवशीच्या अगदी तळच्या ओहोटीचा आहे. समजा धक्क्याला बिजागरीनं जोडलेला ३० मीटरचा पूल आहे आणि त्याचं दुसरं टोक तरंगत्या धक्क्यावर टेकलंय, जो पूर्ण भरतीला वरच्या धक्क्याच्या पातळीत येतो. अर्ध्या ओहोटीला तो सव्वादोन मीटर खाली जाईल. ३० मीटरला सव्वादोन मीटर म्हणजे एकास तेराहून थोडा सौम्यच उतार. म्हणजे उधाणाच्या दिवशीसुद्धा साधारण निम्मा वेळ तो पूल नियमात बसतो. अगदी तळाला उतार साडेआठ अंशांच्या आसपास जाईल. तो नियमाबाहेर आहे, सोबतीशिवाय कुणी जाऊ नये असा आहे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असते तेव्हा, तर पाण्याचा फरकच निम्म्यावर येतो, आणि मग तळालाही उतार इतका कडक होत नाही. कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला भरतीची वेळ विचारा, तो घड्याळ न बघता तिथी मोजून सांगेल. जे गणित मासे पकडायला चालतं ते प्रवासी नेताना एकाएकी अगम्य कसं होतं?

लंडनच्या थेम्स नदीत भरती-ओहोटीचा फरक सात मीटरपर्यंत जातो, मुंबईपेक्षा कितीतरी जास्त. तिथल्या नदीबसचे बहुतेक धक्के तरंगते आहेत, काठाशी लांब बिजागरी पुलांनी जोडलेले, आणि चाकाच्या खुर्च्या त्यांवरून रोज जातात. ओहोटीला उतार कडक होतो, हे ते लपवत नाहीत. प्रवाशाला आधीच सांगतात. श्रीमंत शहर आहे, मान्य. पण चंद्र त्यांच्यासाठी वेगळा उगवत नाही.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न एका वर्गासाठी कधीच सुटलाय. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्या थेट आत नेणारी बोट, मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिच्या आधीपासून दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले, जयगड-तवसाळ या खाड्यांत चपट्या तोंडाच्या फेरीबोटी मोटारी, टेम्पो, एसटीसुद्धा नेतात. गोव्यात पणजी-बेती, रायबंदर-चोडण इथल्या फेऱ्या तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या. तिथे दुचाकीवाला पायसुद्धा टेकत नाही, सरळ आत. साइड व्हील लावलेली अ‍ॅक्टिव्हा चालवणारे किती तरी अपंग लोक या बोटींवर रोज चढतात आणि त्यावरून कुणी चर्चासत्र भरवत नाही. टनभर वजनाची मोटार नेता येते तिथे दीडशे किलोची स्कूटर ‘फार जड’ कशी? मोटारवाल्याला जायचं होतं तेव्हा भरती-ओहोटीवर तोडगा निघाला.

इथे मात्र थोडं थांबायला हवं, कारण मोटारीसाठी बरा असलेला रॅम्प स्कूटरसाठी बरा असतोच असं नाही. कोकणातल्या एका धक्क्यावर मी एका गृहस्थांना त्यांच्या स्कूटरवरून बोटीत जाताना पाहिलं. वय सत्तरीपुढचं, स्कूटर मुलानं परदेशातून पाठवलेली. पाणी बरंच उतरलेलं होतं. काँक्रीटचा उतार वरच्या भागात कोरडा, खडबडीत. भरतीच्या रेषेखाली मात्र हिरवट, तुळतुळीत. बोटीनं लोखंडी फळा टाकलेला, लाटेबरोबर त्याची कड दोन-तीन बोटं वर जायची आणि ठणकन आपटायची. गाडीचं मोठं चाक ती फट गिळून टाकतं. स्कूटरचं चाक वीतभर व्यासाचं. ते फटीत शिरलं की अडकतं. गृहस्थ वरच थांबले, मोटारी आत गेल्या, फळा जरा स्थिर झाला. इतक्यात एक तरुण खलाशी धावत आला, ‘काका, तुम्ही बसून राहा, आम्ही ढकलतो.’ चाकं फिरेनात म्हणून त्यानं मागची लाल खिट्टी खाली पाडली. आणि स्कूटर सुटली. पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या खलाशानं अंग आडवं घातलं म्हणून ती फळ्याच्या कडेशी थांबली. त्याची नडगी सोलवटली.

झालं काय, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण अशा गाडीबद्दलची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तिथे आहे. या स्कूटरला बहुधा विजेवर चालणारा ब्रेक असतो. तो आपोआप लागतो: अंगठ्याखालचा खटका सोडला की गाडी जागच्या जागी थांबते, बंद असताना ती हलतच नाही. मागची खिट्टी मोटार आणि चाकं यांचा संबंध तोडते, गाडी सपाटीवर ढकलता यावी म्हणून. ती पाडली की ब्रेकही गेला. उतारावर ती पाडणं म्हणजे मोटारीचा हँडब्रेक काढून खाली उतरणं. मदत करणाऱ्याला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. स्कूटर जशीच्या तशी ठेवली असती, सगळ्यांत कमी वेग लावून काका सरळ रेषेत स्वतः उतरले असते, आणि फटीवर एक जाड पत्रा टाकला असता, तर काहीच झालं नसतं. बोटीवर हातभर रुंदीचा पत्रा ठेवायला कुठला सरकारी निधी लागतो?

चालवणाऱ्याचीही बाजू आहे, आणि ती सांगायला मी कचरणार नाही. घाबरलं की माणूस मूठ आवळतो, आणि मूठ आवळली की खटका दाबला जातो, स्कूटर पुढे उसळते. त्यामुळे ‘हात सोडणे म्हणजे ब्रेक’ ही गोष्ट हाताला सपाट जमिनीवर सरावानं शिकवावी लागते. बोटीच्या फळ्यावर ती सुचत नाही. उतारावर तिरकं वळायचं नाही. आपली गाडी किती अंशांपर्यंत चढते ते तिच्या माहितीपुस्तिकेत असतं, साधारण सहा ते दहा अंश. ते पाठ हवं. ब्रिटनमध्ये बसगाड्यांसाठी एक चांगली पद्धत आहे: स्कूटर ठरावीक मापाची असेल आणि मालकानं ती बसमध्ये चढवून-उतरवून दाखवली, तर त्याला परवान्याचं कार्ड मिळतं. असं कार्ड इथेही असावं असं मला वाटतं. हक्काच्या चळवळीतल्या काही मित्रांना हे पटत नाही. इतर प्रवाशांना परीक्षा नाही, आम्हालाच का, असं ते विचारतात. पण इतर प्रवासी दीडशे किलोचं यंत्र घेऊन डेकवर येत नाहीत. परीक्षा यंत्राच्या वापराची आहे, आणि पास झालेल्याला पुन्हा कुणी ‘जमेल का तुम्हाला’ विचारणार नाही, हा तिचा मोठा फायदा.

सुटकेच्या मुद्द्याचं उत्तर डेकवर आहे. बोट निघाल्यावर स्कूटर बंद करून तिचा सांगाडा पट्ट्यांनी डेकच्या कड्यांना बांधायचा. हात ठेवायच्या दांड्याला किंवा बैठकीच्या खांबाला बांधून उपयोग नाही, ते भाग सुटे होतात. माणसानं शक्य असेल तर बोटीच्या पक्क्या बाकावर बसायचं. आणि कुठल्याही परिस्थितीत माणसाला गाडीशी बांधायचं नाही. काळजीपोटी लोक नेमकं हेच करतात, पट्टा आवळतात, ओढणीनं बांधतात. पाण्यात पडल्यावर ती गाडी त्याला तळाशी नेईल. जीवरक्षक जॅकेट घातलेला, मोकळा असलेला माणूस, पाय चालोत न चालोत, तरंगतो. पाय चालत नसले की बुडतोच, हे गृहीतक कुठून आलं? ‘नीलकमल’वर चालते-बोलते लोकही गेले. बॅटरीचं म्हणाल तर बंद शिशाची असेल तर चिंता कमी. लिथियमची असेल तर बोटीवर चार्जिंग नको, सुजलेली किंवा खाऱ्या पाण्यात भिजलेली बॅटरी तर नकोच. हे नियम मोबाइलच्या पॉवर बँकलाही लागू व्हायला हवेत.

इतिहास या बाबतीत काय सांगतो ते पाहू. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं एका सकाळी गेली. अलिबाग-पेण भागात आजही घराघरांत तिची आठवण निघते. पण त्यानंतर कोकणी माणसानं बोटीत पाऊल ठेवू नये असं कुणी म्हटलं नाही. प्रश्न विचारले गेले ते बोटीबद्दल, हवामानाबद्दल, जीवरक्षक साधनांबद्दल. अपघातानंतर वाहनाकडे बोट दाखवायचं आणि अपंग प्रवासी समोर आला की प्रवाशाकडे, हा दुजाभाव कशाच्या बळावर?

भाऊच्या धक्क्याचंच घ्या. लक्ष्मण हरिश्चंद्रजी ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तो उभारला. त्याआधी होडीतून उतरणाऱ्या सगळ्यांनाच चिखल तुडवत काठ गाठावा लागे, आणि प्रवाशांचे ते हाल बघून भाऊंनी धक्का बांधला असं सांगितलं जातं. म्हणजे धक्का ही मुळातच एक सोय आहे. चिखलातून जायला जमत नाही म्हणून माणसांना घरी बसवलं नाही, चिखलावर दगड घातले. ज्यांच्या पायांची सोय झाली त्यांनी तिला हळूहळू ‘नैसर्गिक’ मानलं, आणि चाकांची सोय तेवढी ‘विशेष मागणी’ ठरली.

कायद्याबद्दल दोन शब्द, कारण दोन्ही बाजू त्याचा हवाला देतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यातल्या वाहतूक व्यवस्थेच्या व्याख्येत जलवाहतूक आहे. पण सोयी कुठे करायच्या हे सांगताना ४१ व्या कलमात नावं येतात ती बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळांची, जेट्टी नाही. शिवाय जुनी वाहनं सुधारायची ती तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित, परवडणारी असतील आणि रचनेत मोठा बदल करावा लागणार नसेल तरच. एवढ्या फटी असल्यावर बाहेर पडायला कुणालाही रस्ता सापडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, सक्तीचे किमान नियम हवेत. आणि ‘सुरक्षा’ या कारणाची परीक्षा तर न्यायालयानं २०१६ मध्येच केली होती. जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून एका खासगी विमान कंपनीनं २०१२ मध्ये त्यांना विमानातून उतरवलं. त्यांना दहा लाखांची भरपाई द्यावी लागली. वैमानिकाला सुरक्षेचा अधिकार नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. पाहिलं गेलं ते एवढंच, की हा निर्णय नेमक्या कशावर आधारलेला होता.

युरोपात बोटीच्या प्रवाशांसाठी जो नियम आहे (२०१० चा, २०१२ च्या डिसेंबरपासून लागू), तो मला म्हणूनच शहाणपणाचा वाटतो. अपंगत्वामुळे तिकीट नाकारता येत नाही. बोटीच्या किंवा बंदराच्या रचनेमुळे सुरक्षितपणे चढवणं अशक्य असेल तर नाकारता येतं, पण कारण तिथल्या तिथे सांगावं लागतं, आणि मागितलं तर पाच कामकाजाच्या दिवसांत लेखी. बघायला किरकोळ तरतूद. पण विचार करा, ‘तुम्हाला जमणार नाही’ हे वाक्य कागदावर लिहायची वेळ आली की ते टिकत नाही. तिथे ‘आज साडेतीन वाजता उतार अकरा अंश होता’ असं काहीतरी लिहावं लागतं. आणि तसे वीस कागद जमले की तो उतार दुरुस्त का होत नाही, हे विचारायला पुरावा हातात येतो.

शेवटचा आक्षेप नेहमी खर्चाचा असतो, आणि त्याच्याबरोबर ‘असे येतात तरी किती?’ पायऱ्यांच्या धक्क्यावर उभं राहून चाकांवरचे प्रवासी मोजायला निघालात तर आकडा शून्यच येणार. आणि सुरुवात करायला तर खर्चही नाही. गेटवे, रेवस, मांडवा, घारापुरी, करंजा या धक्क्यांवर भरतीला, अर्ध्या ओहोटीला आणि तळाला उतार किती होतो, फट किती पडते, हे गवंड्याच्या पाणसळीनं आणि मोजपट्टीनं एका पंधरवड्यात मोजून होईल, उधाण आणि भांग दोन्ही धरून. भरतीची वेळापत्रकं वर्षभर आधी छापलेली असतात. महाराष्ट्र सागरी मंडळानं ही मापं तिकीट खिडकीवर लावावीत: अमुक तारखेला अमुक ते अमुक वेळात चाकांवरच्या प्रवाशांसाठी धक्का खुला, बाकी वेळ सोबतीसह किंवा बंद. प्रत्येक बोटीवर एक पत्रा, चार पट्टे, आणि लाल खिट्टी कशासाठी असते हे माहीत असलेला एक खलाशी. नव्या जेट्टीच्या निविदेत पुलाची लांबी ठरवताना हीच मापं धरावीत. एकदा काँक्रीट पडलं की पुढची पन्नास वर्षं तो उतार बदलत नाही.